मामूचा कोरडा हात

माझ्या तळहाताला घाम येतो, ही गोष्ट सगळ्या मूर्तिजापूरला मामूनं सांगितली. डॉक्टरानं सांगितली असती तर चार भिंतींच्या आत राहिली असती. मामूनं ती भर बैलबाजारात सांगितली. आज माझ्या दुकानावर मोठी पाटी आहे, पाच बाजारगावांत माझं बियाणं जातं, पण जुन्या माणसांपैकी कोणी माझ्याशी हात मिळवला की आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग हळूच आपला हात धोतराला पुसतो.

मामूला 'अहो' म्हणणारा माणूस गावात नव्हता. शाळेतली पोरं त्याला 'ए मामू' म्हणायची, तहसीलचा शिपाई म्हणायचा आणि तहसीलदारही म्हणायचे. मला सगळे 'सेठ, तुमी' म्हणतात. पूर्वी मला वाटे, हा माझा मान आहे. पुढे लक्षात आलं की 'तुमी' म्हणणारा माणूस उभ्या उभ्या काम सांगून जातो आणि 'तू' म्हणणारा येऊन बसतो.

त्याचं दुकान माझ्या बरोबर समोर. खरं तर माझं त्याच्या समोर, कारण तो आधीपासून होता. बियाणं आणि फवारणीची औषधं तो विकायचा, मीही तेच विकायचो. त्याच्या दुकानात गल्ला होता, पण मामू गल्ल्यावर कधी बसला नाही. दारासमोर मोडक्या बैलबंडीच्या फळ्या ठोकून केलेलं एक बाकडं होतं, त्यावर एक पाय वर घेऊन तो बसे. गिऱ्हाईक आत जाई, आपल्या हातानं पाकिटं काढी आणि बाहेर येऊन त्याला दाखवी. आत कोण किती वेळ आहे, काय उचलतंय, इकडे त्याचं लक्ष नसे. दाराला कॅनव्हासची छागल, म्हणजे पाण्याची पिशवी, टांगलेली असायची. आमचा सगळा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी इतकं खारट की चहाचीसुद्धा चव बिघडते. मामू रोज सकाळी सायकलवरून गोड पाणी आणायचा आणि छागल भरून टांगायचा. मी माझ्या दुकानात थंड पाण्याचं मशीन बसवलं, पंखा लावला, नव्या खुर्च्या मांडल्या. लोक माझ्याकडे पाकिटं घ्यायचे आणि पाणी प्यायला रस्ता ओलांडून त्याच्याकडे जायचे. एकदा मी एका गिऱ्हाइकाला विचारलं, इथे पाणी आहे ना, तिकडे काय आहे? तो म्हणाला, तिकडं मामू हाय.

हातांच्या घामाची गोष्ट दस्तीपासून सुरू होते. आमच्याकडे बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल खांद्यावरची दस्ती, म्हणजे मोठा रुमाल, दोन हातांवर टाकतो आणि त्याखाली बोटं धरून भाव सांगतो. एक बोट धरलं तर एक, अख्खा पंजा धरला तर पाच. शेकडे की हजार ते दोघांना आधीच ठाऊक असतं. समोरच्यानं दाबलं तर मंजूर, हात काढून घेतला तर नामंजूर. भोवती सगळा गराडा असतो आणि कोणाला काही कळत नाही. दस्तीखाली जे झालं ते बाहेर बोलायचं नाही, हा त्यातला कायदा. मामूचे वडील बैलांचे दलाल, मामूही आधी तेच करायचा, बियाण्याचं दुकान मागाहून आलं, पण बैलबाजार त्यानं सोडला नाही.

मी अंजनगाव सुर्जीचा. आमचा भाजीचा मळा. ओठावर मिसरूड फुटायच्या आधीपासून मी शकुंतलेनं, म्हणजे आमच्या त्या छोट्या रेल्वेगाडीनं, फुलकोबीची टोपली घेऊन मूर्तिजापूरला यायचो. भाव करायला मी कोणाच्या बापाला हार गेलो नाही. आवाज चढवायचा, टोपली उचलून निघून जायचं, परत बोलावलं की आणखी चढवायचा. हे मला कोणी शिकवलं नाही. चार पैसे साठले तेव्हा बैल घ्यायला बाजारात गेलो आणि मामूच्या दस्तीखाली हात घातला. त्याचा हात कोरडा होता. जुन्या चामड्यासारखा, थंड, आणि त्यात काही म्हणजे काही कळत नव्हतं. माझ्या हातातलं त्याला सगळं कळलं. बैल मला महाग पडला. हात बाहेर काढल्यावर मामूनं दस्तीनं आपला तळवा पुसला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "तोंडानं तू वाघ हाय बाबू, पन हात तुहा रडून राहिला."

बाजार हसला. भाव त्यानं बाहेर सांगितला नाही, कायदा पाळला, पण घाम सांगितला. आणि घाम त्या कायद्यात बसतो की नाही, यावर मी त्याच्याशी वर्षानुवर्षं भांडलो. तो म्हणायचा, घाम म्हणजे काही भाव नोहे. त्याच दिवशी त्यानं माझ्या फुलकोबीवरून मला 'गोबी' हे नाव दिलं. मी दुकान टाकलं, मोटारसायकल घेतली, घर बांधलं, तेव्हा त्यानं त्यात वाढ केली आणि मी 'गोबीसेठ' झालो.

दस्तीशिवाय त्याला सौदा करताच येत नसे. पावशेर वांगी घ्यायची असली तरी भाजीवालीच्या हातावर दस्ती टाकायचा. तिनं लाजून हात ओढून घेतला तर म्हणायचा, मंग फुकट दे. लेकीच्या लग्नात मंडपवाल्याशी दस्तीखाली बोलला, आचाऱ्याशी बोलला आणि काझीसाहेबांसमोरही दस्ती पसरायला निघाला होता, मामीनं मागून कोपरा ओढला म्हणून राहिलं.

कापसाच्या नव्या बियाण्याची पाकिटं नुकतीच आली होती आणि दरसाल महाग होत होती, ती ही वर्षं. रानं दगा देत होती. पेपरात आमच्या जिल्ह्यांची नावं रोज यायची आणि चांगल्या कारणासाठी यायची नाहीत. त्या दिवसांत गावात कोणी कोणाला 'कसं काय' म्हणून विचारत नव्हतं, उगाच उत्तर ऐकावं लागायचं. मामू फक्त 'जेवला का' विचारायचा. बैलबाजारात चांगले बैल पडेल भावानं येत होते. अशाच एका बाजारात एक माणूस आपला पांढरा बैल घेऊन आला होता, डोळे लाल झालेले. मामूनं मालकाच्या हातावर दस्ती टाकायच्या ऐवजी खाली बसून बैलाच्या पुढच्या खुरावर टाकली आणि आत हात घालून आभाळाकडे बघत राहिला. मग उठला आणि मालकाला म्हणाला, "हा त् तुह्यापेक्षा लय जास्त मांगून राहिला. याले घरी ने, याचं ऐक."

माणूस हसला. हसता हसता रडला आणि बैल घेऊन परत गेला. दलाली बुडाली, सौदा झाला नाही, पुढे त्या बैलाचं काय झालं ते कोणी विचारलं नाही. पण ही गोष्ट दर्यापूरपर्यंत गेली. मी दलाल नसतानाही त्याच बाजारात त्या दिवशी सहा जोड्यांचे सौदे जुळवून दिले होते. त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही.

आणि तो काही साधुपुरुष नव्हता. दुसऱ्याच्या विड्या ओढायचा. माझी छत्री नेली ती कधी परत आली नाही, त्याच छत्रीखालून तो मला सलाम करायचा. खोटं तर इतकं सहज बोलायचा की ऐकणाऱ्याला खरं बोलायची लाज वाटावी. पेरणीच्या तोंडावर लोक पाकिटं घ्यायला धावायचे तेव्हा हा बाकड्यावरून त्यांना म्हणायचा, जमीन अजून तव्यावानी हाय, घरी जाय. लोक घरी जायचे. माझ्या दारावरूनच जायचे. स्वतःचं दुकान बंद ठेवायचं असेल तर खुशाल ठेव. त्याच्या एका शब्दानं माझंही बंद पडायचं. आणि खरा पाऊस लागला की सगळे आधी त्याच्याकडे.

एवढं करून कंपनीनं ठरवलेला माल त्याचाही खपला आणि माझाही. बियाण्याची कंपनी त्या वर्षी असा माल खपवणाऱ्या दुकानदारांना थायलंडला नेणार होती. विमान, हॉटेल, बेटांची सहल. मी कळल्याच्या दिवशी बॅग आणली. मामू नाही म्हणाला. त्याचा पासपोर्ट तयार होता, पण तो त्यानं हजसाठी काढून ठेवला होता. पहिला शिक्का तिथलाच पाहिजे, असं त्याचं म्हणणं. कंपनीचा साहेब त्याला मनवायला अकोल्याहून आला. दुसऱ्यांदा आला. त्याच्या बाकड्यावर बसला, छागलीतलं पाणी प्यायला. शेवटी मामी म्हणाली की अल्ला मन पाहते, शिक्का नाही पाहत. तेव्हा हा तयार झाला. मला कोणी मनवायला आलं नाही. मी तर आधीच बॅग भरून बसलेलो.

सहलीला माझं लक्ष एकाच गोष्टीवर होतं. पुढल्या हंगामापासून कंपनी आमच्या भागातल्या पाच बाजारगावांचं बियाणं ठरावीक दुकानाच्याच हाती देणार होती. ती गावं मला पाहिजे होती. मिळाली तर मी मूर्तिजापूरचा मोठा दुकानदार. नाही मिळाली तर जन्मभर 'मामूच्या समोरचं दुकान'. लोक माझा पत्ता असाच सांगायचे.

तिथे पोचल्यावर पहिल्या दिवशी समुद्रकाठच्या बाजारात मला एक गवताची टोपी आवडली. दुकानदारीण माझ्यासारखीच होती, तिखट. मी घाम गाळला, दोनदा पाठ फिरवून निघालो, तिनं दोनदा बोलावलं, आणि तिनं पहिल्यांदा सांगितलेल्या भावाच्या तिसऱ्या हिश्शात टोपी घेतली. भाषा येत नसताना. आमचे दुकानदार मित्र खूश झाले, पाठ थोपटली. मागून मामू आला. त्यानं तिच्या हातावर दस्ती टाकली. तिला काही कळेना. ती हसत सुटली. शेजारच्या बाया बघायला आल्या, त्यांनीही आळीपाळीनं दस्तीखाली हात घालून पाहिला. शेवटी तिनं माझ्यासारखीच टोपी उचलून त्याच्या डोक्यावर ठेवली आणि पैसे घेतले नाहीत. मामू मला म्हणाला, तुही कितीले पडली गोबी? मी माझी टोपी काढून हातात धरली.

दुसऱ्या दिवशी बेटांची सहल. सकाळी नाश्त्याला साहेबानं आम्हा दोघांना बाजूला घेतलं आणि सांगितलं की पाच गावांचं तुम्ही दोघं आपसांत ठरवा. कोणाला किती, ते संध्याकाळच्या आत मला एका तोंडानं सांगा. भांडत आलात तर ती गावं अकोल्याच्या दुकानदाराला जातील. मामू पोह्यांसारखं काहीतरी खात होता. म्हणाला, "पाहू. दस्तीखाली पाहू."

बोट मोठी होती, दोन मजली. समुद्रात दूरवर दगडाचे सुळके उभे होते, खाली पाण्यानं कोरलेले, वर झाडी. आमच्यातला एक जण म्हणाला की तुरीच्या गंज्या लावून ठेवल्यासारखं दिसते. सगळ्यांना नारिंगी जाकिटं घातली होती. वऱ्हाडातले सगळे दुकानदार त्या जाकिटांत हात आखडून बसले होते, कोणालाही पोहता येत नव्हतं आणि कोणीही तसं सांगत नव्हतं. बरोबर एक वाटाड्या मुलगी होती. तिला थोडं हिंदी येत होतं, त्यातलं 'जल्दी जल्दी' जास्त. तिनं समजावून सांगितलं: बेटाच्या पोटात गुहा आहे. समुद्राचं पाणी उतरलेलं असतं तेवढा वेळच तिचं तोंड उघडं राहतं. रबराच्या फुगवलेल्या होडीतून आत जायचं, एका होडीत दोघं आणि मागे वल्हवणारा. छत खाली येईल तेव्हा पाठीवर आडवं व्हायचं, नाक वर काढायचं नाही. पलीकडे बेटाच्या आत मोकळी जागा आहे. एका खोलीत राहणारे दोघं एका होडीत, असा तिचा हिशेब. खोलीत माझ्याबरोबर मामू होता.

होडीत तो पुढे बसला, मी मध्ये. दस्ती भिजेल म्हणून त्यानं ती मोठ्या बोटीवरच ठेवली होती. वल्हवणारा पोरसवदा पण दंडानं जबर होता. दगडाच्या पायथ्याशी एक काळी भेग दिसत होती, आमच्या धान्याच्या पेवाच्या तोंडाएवढी. त्यात आम्ही शिरलो. वल्हवणाऱ्यानं सांगितलं तसे आडवे झालो, मामूचं डोकं माझ्या पायांजवळ आलं, मग तो सरकत सरकत माझ्या शेजारी आला. दगड नाकाला घासेल इतका जवळ होता. वटवाघळांचा वास येत होता. मग वल्हवणाऱ्यानं बॅटरी विझवली, बहुधा मजेसाठी, आणि सगळं काळं झालं.

मला तेव्हा सुचलं. दस्ती कशाला पाहिजे? एवढी मोठी दस्ती आमच्या दोघांवर पसरलेली होती.

"मामू, हात दे," मी म्हणालो.

"आता?"

"आता. एक बोट म्हणजे एक गाव."

मी घरून ठरवून निघालो होतो: तीन मागायची, दोन सोडायची, अगदीच अडला तर नदीकडची एक आणखी सोडायची. मामूच्या हातासमोर तेवढंही मिळालं तर जिंकलो म्हणायचं. अंधारात त्याचा हात आला आणि माझ्या हातात पडला. ओला होता. नुसता दमट नाही, चिंब. बोटांच्या बेचक्यांतून पाणी गळत होतं. बैलाच्या सौद्यापासून ज्या हाताची मी वाट पाहत होतो तो हा हात. त्यालाही गावं पाहिजे होती. बाकडं, छागल, 'पाहू पाहू', सगळं वरवरचं. आत तो माझ्यासारखाच होता. मला इतका आनंद झाला की छाती दगडाला लागेल असं वाटलं. आणि घाबरलेल्या गिऱ्हाइकाशी कसं वागायचं ते मला ठाऊक आहे. मी तीन बोटं धरली नाहीत. मी अख्खा पंजा धरला, पाचही.

त्यानं लगेच दाबलं. मंजूर.

तेवढ्यात उजेड आला. होडी गुहेतून बाहेर निघून त्या मोकळ्या जागेत आली होती. वल्हवणारा थांबला. मामू उठून बसला. मी पडून होतो. पाच गावं माझी होती आणि मी त्यांच्यातून फिरत होतो: कुठे गोदाम घ्यायचं, कुठल्या बाजाराला कोणता वार, टेम्पो जुना घ्यावा की नवा. मी माझ्या तळहाताकडे बघत होतो. तिकडे बघत बघतच मी म्हणालो असेन की किती वेळ थांबणार इथे. वल्हवणाऱ्याला वाटलं मला भीती वाटते आहे, त्यानं होडी वळवली. परत अंधार, परत दगड, आणि आम्ही बाहेर.

बाहेर आल्यावर ऊन डोळ्यांत गेलं. मामू पुढे ओणवा बसला होता. त्याचा उजवा हात मनगटापर्यंत समुद्रात होता, होडीबरोबर पाणी कापत चालला होता. मग त्यानं तो वर काढला आणि बोट चाटून बघितलं.

"आपल्या विहिरीचंच हाय गोबी हे," तो म्हणाला.

मी विचारलं, "हात कधीपासून घालून ठेवला पान्यात?"

"बसलो तवापासून. समुद्र कसा लागते पाहून राहिलो होतो. काहून?"

मी म्हणालो, काही नाही.

मोठ्या बोटीवर साहेब वाट बघत होता. मी तोंड उघडायच्या आत मामू सगळ्यांसमोर म्हणाला, "पाचही गोबीसेठचे." टाळ्या पडल्या. कोणी तरी शिट्टी मारली. मग मामू खाली उतरला, त्या वल्हवणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि गुहेकडे बोट दाखवलं. वाटाड्या मुलगी जल्दी जल्दी म्हणत होती, पाणी चढायला लागलं होतं, तरी तो पोरगा त्याला एकट्याला घेऊन पुन्हा आत गेला. आम्ही वर कलिंगड खात बसलो. लोक येऊन माझा हात हातात घेत होते. मी त्या भेगेकडे बघत होतो. पाणी चढत चढत तिच्या तोंडाशी आलं तेव्हा मामूची होडी निघाली. तो आडवाच होता आणि आडव्यानंच हात हलवत होता.

सौदा सौदाच असतो. मी फसवलं नाही, त्यानं दाबलं. यावर मी आजही कोणाशीही बोलायला तयार आहे. पण ज्याच्याकडून जिंकून घ्यायचं तो माणूस त्या वेळी सौद्यात हजरच नव्हता, आणि हे फक्त मला ठाऊक आहे.

परतल्यावर माझी पाटी बदलली, गोदामं झाली. मामूच्या बाकड्यावर मात्र जागा पुरेना. ती टोपी घालून तो बसायचा आणि सांगायचा. दिवस आणखी वाईट आले होते. लोक बाजाराला येत, घेण्यासारखं काही नसे, घरी जावंसं वाटत नसे. मामूकडे जात आणि म्हणत, मामू, ते बेटाचं सांग. आणि तो सांगायचा. दगडाचं दार, त्यातून निजून जावं लागते, राजा असो की भिकारी. पोटात अंधार. आन् मंग एकदम एक खोली. पान्याची खोली. चारी बाजूनं दगडाच्या भिंती आभाळाले टेकलेल्या, भिंतींतून झाडं लोंबलेली, आन् वर छपराच्या जागी आभाळाचा गोल तुकडा. पानी असं की हालत नाही. माकडं चिखलात बसून खेकडे खातेत. कोणी बोलत नाही तिथं. बोलावंसंच नाही वाटत.

दर वेळी वटवाघळं मोठी होत जायची. एका वर्षी ती बकरीएवढी झाली. मी माझ्या खुर्चीवरून ऐकायचो. खोटं कुठलं आणि खरं कुठलं ते मला सांगता येत नव्हतं, कारण मी पाहिलं नव्हतं. एकदा एका शेतकऱ्यानं विचारलं की एवढं पानी, गोड हाय का खारं? मामू म्हणाला, खारं, तुह्या विहिरीपेक्षा खारं. त्या माणसानं असा मोकळा श्वास सोडला की सगळं बाकडं हसलं. म्हणाला, मंग जाऊ दे, आमाले वाटलं देवानं त्याइलेच सारं देल्लं.

कोणाला शंका आली की मामू माझ्याकडे बोट करायचा: "गोबीसेठले इचारा. सोबत होता."

सगळे माझ्याकडे वळायचे आणि मी मान हलवायचो. दुसरं काय करणार? ज्या होडीत मी पडून होतो त्या होडीतून काय दिसलं ते मी रस्त्याच्या अल्याडून ऐकायचो. गर्दी दाट झाली की ऐकू यायचं नाही. मग मी काहीतरी काम काढून रस्ता ओलांडायचो आणि छागलीतलं पाणी पीत उभा राहायचो.

मामू दोन वर्षांपूर्वी गेला. हजला जायचं राहिलं. पोरं अमरावतीला, दुकानाला कुलूप लागलं. मी मामीकडे बाकडं मागायला गेलो. मनात भाव ठरवून गेलो होतो, वरचा आणि खालचा. मामीनं ऐकूनच घेतलं नाही. म्हणाली, "ले जाओ बाबू. वो बोलते थे, समुंदर में मेरा हाथ इसीने पकड़ा था."

मी तिला काही सांगितलं नाही. दस्तीखालचं बाहेर बोलायचं नसतं.

बाकडं आता माझ्या दारासमोर आहे. खुर्च्या मी आत घेतल्या. पहिले काही दिवस कोणी बसलं नाही. मग एक म्हातारा बसला, मग दोघं. परवा बाजाराच्या दिवशी भरलं होतं. त्यांतला एक म्हणाला, "सेठ, ते बेटाचं सांगा न जी. तुमी त् होते."

मी गल्ल्यावरून उठलो, बाहेर आलो, आणि सांगायला लागलो. दगडाचं दार. निजून जावं लागतं. अंधार. मग एक खोली, पाण्याची. चारी बाजूंनी भिंती, वर आभाळाचा तुकडा. माझा आवाज चांगला लागला होता. निळंशार पाणी, मी म्हणालो.

"हिरवं," म्हातारा म्हणाला. "पानी हिरवं होतं."

मी म्हणालो, निळं होतं.

"नाही जी. हिरवं. झाडाईची सावली पडते न त्यात. आन् माकडं राहिले तुमचे."

मला राग आला. मी म्हणालो, मी होतो तिथे, तुम्ही होते का?

म्हातारा काही रागानं बोलला नाही. समजूत घालावी तसं म्हणाला, "तुमी होते न, कोन नाही म्हनते. पन पाह्यलं त् मामूनं."

मी तळहात पँटला पुसला. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या एकाचा मोबाइल वाजला. घरून असावा, कुठे आहेस म्हणून विचारत होते. त्यानं माझ्या पाटीकडे एकदा बघितलं, मग रस्त्यापलीकडच्या कुलपाकडे, आणि सांगितलं, "इथं, मामूच्या समोरच्या दुकानात बसलो हाय."